रविवारच्या दृढीकरणासाठी राबलेल्या सगळ्यांचे आभार

नावं घेतली तर कोणीतरी सुटणार आणि मग रुसवेफुगवे, म्हणून नावं नाहीच घेत. पण रविवारी बिशपसाहेब आले, पोरापोरींच्या डोक्यावर हात ठेवून दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास पक्का करायचा विधी) झालं, ते काही आपोआप नाही झालं. ऐन उपासनेत लाईट गेली तेव्हा शेजारच्या गल्लीतून (तो आपल्या मंडळीचाही नाही बरं) ज्याने जनरेटर ढकलत आणला त्याचे आधी आभार, आणि महिला संघाच्या ज्या दोघी पहाटेपासून वडाभाताचे वडे तळत होत्या, उपासनेला आल्या तेव्हा कपाळावर पीठ तसंच, त्यांचे तर किती मानावे.

साहेबांनी जेवण थांबवून खाटेवरच्या आजीला घरी जाऊन प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस) दिलं, कोणी सांगितलं त्यांना माहीत नाही, ज्याने सांगितलं त्याचं भलं होवो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अँग्लिकन धरून सहा चर्च एक होऊन आपलं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, म्हणून आमच्याकडे अजून जुन्या घराण्यांची थोडी कुरबुर चालते, तू मूळचा कुठला वगैरे. रविवारी भांडी घासायला मात्र सगळेच होते. सतरंज्या कोणाच्या आहेत ते सांगा, धुवून ठेवल्यात.