जबड्यातून काढलेली गाठ कचऱ्यात नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खान्देशात जबडा सुजला की दोनच तर्क होतात: दाढेचा पू, नाहीतर कॅन्सर. पहिल्या समजापायी गोळ्या खाण्यात महिने जातात, दुसऱ्यापायी घर हादरते. कॅन्सर नसलेल्या गाठी आणि सिस्ट (हाडातल्या द्रवभरल्या पिशव्या) मात्र कोणाच्या डोक्यातच येत नाहीत.

ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर खालच्या अक्कलदाढेभोवती पांढऱ्या कडेचा काळा डाग दिसला, तर तो डेंटिजेरस सिस्ट (न उगवलेल्या दाताभोवतीची पिशवी), केराटोसिस्ट (केराटिनच्या गाळाने भरलेली पिशवी) किंवा अमेलोब्लास्टोमा (दात घडवणाऱ्या पेशींची गाठ) यांपैकी काहीही असू शकतो. सावली सारखी, उपचार वेगळे. डेंटिजेरस सिस्ट दाढेसह अस्तरासकट काढली की सहसा परत येत नाही. केराटोसिस्टचे अस्तर इतके पातळ की काढताना फाटते, आणि राहिलेल्या कणातून ती पुन्हा वाढते. शिवाय ती हाडाच्या आतून लांबीला सरकते. गाल फुगत नाही, म्हणून रुग्ण उशिरा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिला ट्यूमर म्हटले आणि २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये घातले, पण उलटण्याची खोड तीच आहे. नेहमीच्या प्रकारचा अमेलोब्लास्टोमा कॅन्सर नसूनही शेजारच्या हाडात शिरतो. तो नुसता खरवडून भागत नाही, भोवतालचे एक-दोन सेंटिमीटर चांगले हाडही काढावे लागते.

म्हणून दंतवैद्याने आधी दात जिवंत आहे का, ते थंड लावून पाहावे. मुळाच्या टोकाची सिस्ट मेलेल्या दातालाच होते. मग जाड सुईने पाणी ओढावे. पिवळसर पाणी आले तर बहुधा साधी सिस्ट, मळकट पांढरा घट्ट गाळ आला तर केराटोसिस्टचा संशय. नुसते रक्तच भरून आले तर तिथेच थांबावे. ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, चिरा देणे जिवावर बेतेल.

काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला (बायप्सी) पाठवण्यासाठी रुंद तोंडाच्या बाटलीत, त्याच्या किमान दहापट १० टक्के फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणारे रसायन) ठेवावा. सलाईनमध्ये तो कुजतो. सोबत वय, जागा आणि एक्स-रे हवाच: फायब्रस डिस्प्लेशिया आणि ऑसिफाइंग फायब्रोमा हे हाडाचे दोन विकार सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखे दिसतात, फरक एक्स-रेवरच्या कडेने कळतो. दात उपटताना मुळाशी आलेली पिशवी ट्रेमधून थेट कचऱ्यात जाते, ते थांबवा.

रुग्णांनीही बायप्सीचा रिपोर्ट मागून घ्यावा. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या दूरच्या गावच्या माणसाला त्यासाठी पुन्हा फेरी नको. डॉक्टरांनी मोबाइलवर रिपोर्टचा फोटो पाठवावा. केराटोसिस्ट निघाली तर दरवर्षी ओपीजी, निदान पाच वर्षे.

आपला,
एक दंतशल्यचिकित्सक, धुळे