बलून माझ्या भातात उतरला: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मावळातला भातशेतकरी. मंत्र्यांना पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं. दिवाळीनंतर आमच्या गावच्या माळावर तीन दिवसांचा हॉट एअर बलून महोत्सव झाला. हा गावाचा महोत्सव आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला एक बलून माझ्या भातात उतरला. त्यासाठी आपला वेळ घेतो आहे.

पायलटला मी दोष देत नाही, हे आधी लिहितो. बलूनला सुकाणू नसतं. वर जायचं आणि खाली यायचं एवढंच त्याच्या हातात. कुठल्या दिशेला जायचं ते वारा ठरवतो. आमच्या शिवारातून अकरा केव्हीची विजेची लाईन जाते. त्या माणसाने ती पाहिली, जाळ मोठा करून बलून तारांवरून काढला आणि पलीकडे उतरवला. त्याने तसं केलं नसतं तर आज वेगळंच पत्र लिहावं लागलं असतं. न्यूझीलंडमध्ये कार्टरटनला २०१२ साली बलून तारांत अडकून ११ माणसं गेली, टेक्ससमध्ये २०१६ साली १६. हे मला माझ्या मुलीने वाचून दाखवलं, ती पुण्यात शिकते. मग मला प्रश्न पडला, की या तारा उडण्याच्या आधी कोणी येऊन पाहिल्या होत्या का? आमच्या शिवारात तरी कोणी फिरकलं नव्हतं.

तारांच्या पलीकडे माझं चौदा गुंठ्यांचं खाचर आहे. इंद्रायणी जातीचं भात. परतीच्या पावसातून हातापाया पडून वाचवलेलं. अर्धं कापून पसरलं होतं, अर्धं उभं होतं. सात वाजून गेले होते, दव उतरत होतं, मी आणि माझी मंडळी, म्हणजे बायको, विळे घेऊन नुकतेच आलो होतो. बांधावर गाय बांधलेली, सातव्या महिन्याची गाभण. डोक्यावर तो जाळाचा फुत्कार झाला. आपण तो लांबून, मंडपातून ऐकला असेल तर छान वाटला असेल. डोक्यावर माडीएवढ्या उंचीवरून ऐकला की छातीत धस्स होतं. गायीने दावं तोडलं. मंडळी दाव्याला झोंबली, दोन खाचरं फरपटत गेली आणि डावं मनगट मोडलं. गाय वरच्या बांधावरून खालच्या खाचरात कोसळली. चौथ्या दिवशी गाभडली. कालवड होती.

टोपली दहाबारा हात घासत गेली, तेवढंच नुकसान असतं तर मी ब्र काढला नसता. टोपलीत बसलेली माणसंही वाईट नव्हती. त्यांच्यातली एक पोरगी खाली उतरून मंडळीला पाणी पाजत बसली होती, तिला माझे आशीर्वाद. नुकसान मागून आलं. बलूनच्या मागे त्यांची जीप, जीपच्या मागे टेम्पो, टेम्पोच्या मागे फोन उगारून पळत आलेली शे-दीडशे माणसं. जीपने बांध फोडला. ओल्या खाचरात टेम्पो रुतला, तो काढायला माझ्याच भाताच्या पेंढ्या चाकाखाली घातल्या. मी ओरडत होतो, "अरे, दाणा आहे त्यात, दाणा आहे!" कोणाला ऐकू आलं नाही, कारण सगळे बलूनसोबत फोटो काढत होते. उभं भात आडवं झालं आणि पसरलेलं चिखलात गेलं. इंद्रायणीची लोंबी पिकल्यावर नुसत्या धक्क्याने झडते. संध्याकाळी मी सुपाने माती पाखडत होतो.

आता वचनाचं सांगतो. महोत्सवाच्या आधी मारुतीच्या देवळात सभा झाली. ज्या कंपनीने महोत्सव भरवला तिची माणसं होती आणि एक साहेबही होते. पडद्यावर अमेरिकेतल्या अल्बुकर्कीचा व्हिडिओ दाखवला. तिथे १९७२ साली एका बाजाराच्या पार्किंगमध्ये तेरा बलूनांवर जत्रा सुरू झाली आणि आज पाचशेच्या वर बलून उडतात, तुमच्या गावाचंही असंच होईल, असं म्हणाले. बचत गटाला मोक्याचे स्टॉल देऊ. शाळेच्या पोरांना दोराला बांधलेल्या बलूनमधून वर नेऊ. पिकाचं नुकसान झालं तर जागच्या जागी रोख भरपाई देऊ. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

बचत गटाच्या बायांना पार्किंगच्या मागे, जिथे माणूस फक्त लघवीला जातो तिथे जागा मिळाली. पहाटे दोनला उठून केलेल्या भाकऱ्या त्यांनी संध्याकाळी गुरांना घातल्या. शाळेची पोरं पंधरा दिवस लेझीम बसवत होती. ती पहाटे साडेपाचपासून थंडीत उभी राहिली, पाहुणे आल्यावर नाचली, आणि दोराचा बलून पाहुण्यांना वर नेऊन आणेपर्यंत ऊन चढलं. ऊन चढलं की वारा सुटतो, बलून उडवता येत नाही, हे खरंच आहे. मग त्यांना आधी का नाही नेलं? माझी नात घरी येऊन काही बोलली नाही. तिने वहीत चित्र काढलंय, बलून वर आणि पोरं खाली.

आणि जागच्या जागी रोख! त्या दिवसापासून कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. मी तालुक्याच्या गावी तीन कचेऱ्या फिरलो, पदरचं भाडं घालून, मंडळीच्या हाताला प्लास्टर असताना. एकीकडे म्हणाले, उडणाऱ्या वस्तूची परवानगी दिल्लीहून, ते आमच्याकडे नाही. दुसरीकडे म्हणाले, महोत्सव खासगी आहे, तुम्ही दिवाणी दावा लावा. तलाठी भाऊसाहेब भले गृहस्थ आहेत, त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की पंचनामा करता येत नाही, कारण बलून नैसर्गिक आपत्तीत बसत नाही. रानडुकराने भात तुडवलं तर वनखात्याकडे अर्ज करता येतो. अतिवृष्टी झाली तर पंचनामा होतो. बलूनसाठी कागदच नाही.

समजा बसला असता आपत्तीत. कोरडवाहूला निकषाप्रमाणे हेक्टरी ८,५०० रुपये. मी हिशोब केला, गुंठ्याला ८६ रुपये पडतात. चौदा गुंठ्यांचे बाराशे. त्या खाचरात मला पाच-सहा क्विंटल भात होतं. भरडून तांदूळ विकला तर वीस-पंचवीस हजार होतात, वर पेंढा. गाय आणि कालवडीचं मोल मी धरलेलंच नाही. मंडळीच्या मनगटाचं कसं धरतात ते मला ठाऊक नाही. बलूनच्या एका तिकिटाचा दर मी विचारला होता. आम्ही महिनाभर डेअरीत दूध घालून जे कमावतो त्याहून तो जास्त निघाला.

मंत्रिमहोदय, राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी, हवा, तिन्ही त्यात घेतले. चालवणाऱ्याने नोंदणी करायची, सुरक्षा पाळायची, हे चांगलं केलंत. पण वर उडणाऱ्याच्या खाली कोणीतरी राहतं, त्याचा विचार कोणी करायचा? ब्रिटनमध्ये बलूनवाल्यांच्या संघटनेकडे कुठल्या शेतात उतरायचं नाही याचे नकाशे असतात, आणि शेतमालकाला भेटल्याशिवाय गाडी आत घालायची नाही असा त्यांचा रिवाज आहे. तिथला शेतकरी माणूस आहे आणि इथला कोण आहे?

मुलीने आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. १७८३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसहून सोडलेला, आत माणूस नसलेला एक फुगा गोनेस नावाच्या खेड्यात पडला. तिथल्या लोकांनी घाबरून तो दाताळ्यांनी फाडून टाकला. ती हसत होती. मला हसू आलं नाही. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एका खाचरासाठी किती बोलतो हा. पण हे एका खाचराचं नाही. शंभर वर्षांपूर्वी इथली खोरी टाटांच्या धरणांखाली गेली, शेजारच्या मुळशीत सत्याग्रह झाला तरी धरण झालंच. द्रुतगती महामार्ग आमच्या शिवारांतून गेला, आणि आम्हाला आमच्याच रानात जायला वळसा घालावा लागतो. पवनेचं पाणी नळाने शहराला न्यायला विरोध केला तर ९ ऑगस्ट २०११ ला गोळीबार झाला, तीन माणसं मेली. डोंगर बंगल्यांनी घेतले. पर्यटन म्हणाल तर भुशी धरणावर २०२४ साली एका घरातले पाच जण वाहून गेले, कुंडमळ्याचा पूल १५ जून २०२५ ला माणसांसकट इंद्रायणी नदीत कोसळला. माणसं मेली की आठ दिवस बंदोबस्त असतो, मग पुढच्या शनिवारी पुन्हा गाड्यांची रांग. प्रत्येक वेळी आम्हाला सांगतात की विकास तुमचाच आहे. पाणी गेलं, रान गेलं, आभाळ तेवढं राहिलं होतं, त्याचंही तिकीट लागलं आणि आम्हाला विचारलं नाही.

महोत्सव बंद करा असं मी म्हणत नाही. पहिल्या दिवशी धुक्यातून ते रंगीत बलून वर आले तेव्हा मीही विळा खाली ठेवून पाहत राहिलो होतो. पण भात खळ्यावर येऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत खाचरं मोकळी असतात, वाराही शांत असतो, तेव्हा करा. ग्रामसभेला विचारा, आणि ती सभा कंपनीने नाही, ग्रामपंचायतीने बोलवावी. उभं पीक, गोठे आणि तारा कुठे आहेत त्याचा नकाशा गावातल्या माणसाला सोबत घेऊन करा. भरपाईची रक्कम आधी तहसीलदाराकडे जमा करून घ्या, मगच परवानगी द्या. एवढं अवघड आहे का? तुम्हाला एका परिपत्रकाचं काम आहे.

फाट्यावर जानेवारीच्या पुढच्या महोत्सवाचा फ्लेक्स लागलाय. त्यावर माझ्याच खाचरात उतरलेल्या बलूनचा फोटो आहे, पोटभर हसणाऱ्या माणसांसकट. उजव्या कोपऱ्यात नीट पाहिलं तर मंडळीची हिरवी साडी दिसते. ती तेव्हा खाली पडलेली होती.

खाचर मी अजून तसंच ठेवलंय, फुटलेला बांध आणि टेम्पोच्या चाकोऱ्यांसकट, कोणी पाहायला आलं तर दिसावं म्हणून. पण तिथे मला हरभरा करायचा आहे आणि ओल फार तर आठ दिवस टिकेल. यायचं असेल तर त्याच्या आत माणूस पाठवा.

आपला,
मावळातला एक भातशेतकरी