सुम्याच्या फ्लॅटबद्दल, बंड्याला

प्रिय बंड्या,

सुम्या डोंबिवलीत फ्लॅट बुक करतोय असं नाना म्हणाले. तो फक्त तुझंच ऐकतो, म्हणून हा पत्रप्रपंच. बाकी इकडे ठीक, गुडघा आहे तसाच.

भाव ऐकूनच पोटात गोळा आला. एवढं स्वस्त, तेही स्टेशनच्या पूर्वेला? पश्चिमेला असतं तर तू म्हणालाच असतास, "पलीकडे स्वस्तच असणार." तो वाद भेटल्यावर. आपल्याकडच्या ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण आठव. बिल्डरांनी कल्याण-डोंबिवली पालिकेचे बनावट बांधकाम परवाने जोडून महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर मिळवला, तो बघून लोकांनी घरं घेतली, बँकांनी कर्जं दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पाडायचा आदेश दिला. नोटिसा आल्या, हप्ते मात्र चालूच.

आणि इथल्या आसपासच्या २७ गावांचं तर तुला ठाऊकच आहे. १९८३ ला पालिकेत, २००२ ला बाहेर, २०१५ ला परत आत. परवानगी द्यायची कुणी आणि बघायचं कुणी, याचा मेळ नाही. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर मजले चढत गेले.

तेव्हा त्याला सांग, रेराचा नंबर म्हणजे सगळं नाही. करारनामा रजिस्टर झाला म्हणजे इमारत अधिकृत झाली, असंही नाही. दुय्यम निबंधक तेवढं खोलात जात नाही. आधी ताजा सातबारा काढायचा: मालक कोण, जमीन सरकारी तर नाही ना, बिनशेती झालीय का. मग बांधकाम परवान्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन कल्याणला पालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि तिथल्या नोंदीशी ताडून बघायचं. बिल्डरने दिलेली झेरॉक्स बिल्डरच्याच माणसाकडून तपासून घेण्यात काय अर्थ? मंजूर नकाशाची प्रत मागायची आणि मजले मोजायचे. नकाशात चार, जागेवर सात, हा आपल्याकडचा नेहमीचा खेळ. त्याचा फ्लॅट सहाव्यावर आहे म्हणे! तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची पालिकेची परवानगी) हवंच, "येईल दोन महिन्यांत" चालणार नाही. वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्टही हवा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा मागचा इतिहास कळतो.

एमआयडीसीला लागून असेल तर तिथल्या कारखान्यांतले २०१६ आणि २०२४ चे स्फोट विसरू नको म्हणावं. आणि स्टेशनपासून पाच मिनिटं म्हणे. ती तर रिक्षाच्या रांगेतच जातात. कोपर स्टेशनच्या बाजूला घेतलं तर सकाळी लोकलमध्ये बसायला जागा मिळवायला उलटं डोंबिवलीला येऊन त्याच गाडीने रिटर्न मारावी लागेल, तेही सांग.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. सुम्याने बुकिंगचं टोकन चेकने दिलंय की रोख, ते आजच विचार. रोख असेल तर सही-शिक्क्याची पावती आधी घे म्हणावं, बाकीचं नंतर.

तुझा,
अण्या