मुलांच्या चहापार्टीत चहा नको, पण पार्टी घरीच करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बालवाडीच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एकच विषय, मुलांना गुंतवायचं कशात. कोणी समर कॅम्पचे पैसे भरतं, कोणी गेम झोनला नेतं, आणि वाढदिवस असेल तर हॉल, बलून डेकोरेशन, माइकवर ओरडणारा माणूस. मागच्या महिन्यात अशाच एका वाढदिवसाला नातीला घेऊन गेले होते, ती चार वर्षांची आहे, तिने दीड तास दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि घरी येताना विचारलं की आजी तिथे कोणी माझ्याशी बोललंच नाही. ते माझ्या मनाला फार लागलं म्हणून हे पत्र.

नंतरच्या रविवारी मी घरी पाच मुलांना चहाला बोलावलं. साडेतीन ते सहा वर्षांची, सगळी आमच्याच बिल्डिंगमधली. वेळ पाच ते साडेसहा, त्याहून जास्त नाही, कारण या वयाची मुलं दीड तासानंतर दमतात आणि मग रडारड सुरू होते. हॉलमधला टीपॉय बाजूला केला, सतरंजी घातली, आणि माळ्यावरून माझी भातुकली काढली. सावंतवाडीची लाकडी आहे, चितार आळीतून वडिलांनी आणलेली, रंग थोडा उडालाय पण जातं, चूल, पोळपाट सगळं शाबूत. ती खेळायला, आणि प्यायला स्टीलची छोटी किटली आणि बशा. काचेचं काहीच ठेवलं नाही.

आता चहाचं. नाव चहापार्टी असलं तरी चहा अजिबात दिला नाही आणि हे मी सगळ्या आज्यांना हात जोडून सांगते, कारण बशीत घोटभर ओतून "घे गं, काही होत नाही" म्हणणाऱ्या आपणच असतो, मीही माझ्या मुलांना दिलाय. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की पाच वर्षांखालच्या मुलांना चहा-कॉफी द्यायचीच नाही, पाच ते नऊ वयातही दिवसाला अर्ध्या कपाच्या वर नाही. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. आणि आपल्या राज्यात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा आहे. म्हणजे दहातली जवळपास सात मुलं. हे वाचल्यापासून माझा हात थांबला.

मग किटलीत काय, तर कुंडीतल्या गवती चहाची दोन पाती गाठ मारून दुधात उकळली, चिमूटभर जायफळ, गॅस बंद केल्यावर किंचित गूळ. गूळ उकळत्या दुधात टाकला तर दूध फाटतं, तेवढं लक्षात ठेवा. थेंब मनगटावर टाकून बघितला आणि पूर्ण कोमट झाल्यावरच किटली मुलांच्या हातात दिली. एका मुलाला दूध चालत नाही हे त्याच्या आईला आधीच विचारलं होतं, त्याला लिंबू सरबत.

खायला वाटीने पाडलेली छोटी थालीपिठं आणि लोणी, केळ्याचे काप, आणि द्राक्षं. नाशिकला राहून द्राक्षं नाहीत असं कसं होईल, पण प्रत्येक द्राक्ष उभं चार भागांत चिरलं होतं. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की काहीच ठेवलं नाही. आम्ही लहानपणी भातुकलीत गूळ-दाणेच खायचो, पण काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका बोरन्हाणात अडीच वर्षांच्या बाळाच्या घशात दाणा अडकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, ओठ निळे पडले होते, एक काकू घाईघाईने तोंडात बोट घालायला निघाली होती, तिथे हजर असलेल्या नर्सबाईंनी तिचा हात धरला, बाळाला पुढे वाकवून पाठीत थापट्या मारल्या तेव्हा दाणा बाहेर आला. न बघता बोट घातलं तर दाणा अजून आत जातो असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरात पाच वर्षांखालच्या मुलांपुढे अख्खा दाणा येत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वाढण्याबद्दल. मी काहीच वाढलं नाही, मुलांनीच एकमेकांना वाढलं. नातीने किटली दोन्ही हातांनी धरली, जीभ दाताखाली, आणि बशी भरून वाहिली तरी ओततच राहिली. तिची आई उठायला लागली, मी तिला खाली बसवलं. समोरचा मुलगा स्वतःहून उठला, ओट्यावरचं फडकं घेऊन आला आणि पुसलं, आणि म्हणाला आता थोडंच ओत हां. पुढच्या बशीत तिने बरोबर अर्ध्यापर्यंत ओतलं. सगळ्यात लाजाळू मुलगी, जी लिफ्टमध्ये आईच्या मागे लपते, तिने "तुम्हाला अजून थालीपीठ हवंय का" असं प्रत्येकाला अहो-जाहो करून विचारलं. हे कुठल्या कॅम्पमध्ये शिकवतात?

सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला. मोबाईल सगळ्यांनी चपलांच्या रॅकवर ठेवले होते, आयांनीसुद्धा, त्यामुळे फोटो एकही नाही.

आपल्या पेपरात सुट्टीच्या पानावर कॅम्पच्या जाहिराती भरपूर येतात, त्यातच थोडी जागा घरगुती गोष्टींना द्यावी ही विनंती, आणि चहा आणि अख्ख्या दाण्यांबद्दल एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावं, रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतात तेव्हा तर नक्कीच. आमच्याकडे येत्या रविवारी दुसरी पार्टी आहे, तिसऱ्या मजल्यावर, किटली माझीच जाणार आहे.

आपली एक वाचक,
नाशिक