वनस्पती तेल जरूर घ्या, पण टाकी बंद हवी

मा. संपादक,

पणजी, म्हापसा, मडगावच्या दाट वस्तीत आणि विहिरींजवळच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेलाऐवजी वनस्पती तेल (नॅचरल एस्टर) भरावे, ही मागणी रास्तच आहे. खनिज तेलाचा फायर पॉइंट (ज्या तापमानाला तेल पेट घेऊन जळत राहते) १७० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर सोयाबीन किंवा सूर्यफुलापासून केलेल्या या तेलाचा ३०० च्या वर, बहुधा ३५० च्या घरात. सांडले तरी मातीत त्याचे विघटन लवकर होते. कागदी इन्सुलेशनमधला ओलावा ते स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे कागद जास्त टिकतो.

मात्र निविदेत नुसते ‘आयएस १६६५९ (नव्या नॅचरल एस्टरचे भारतीय मानक) प्रमाणे तेल’ लिहून भागणार नाही. या तेलाला हवा चालत नाही. सिलिका जेलच्या ब्रीदरमधून (हवेतला ओलावा शोषणाऱ्या डबीतून) श्वास घेणाऱ्या टाकीत ऑक्सिजन सतत आत जातो, तेल दाट होत जाते आणि उघड्या पडलेल्या भागांवरचा पातळ थर तेलाच्या बुधलीच्या तोंडासारखा चिकट होतो. ब्रीदर पावसाळ्यातली दमट हवा रोखील, ऑक्सिजन नाही. शिवाय आपल्याकडे जुलैत ओलाव्याने गुलाबी पडलेली जेल वेळेवर बदलतो कोण? म्हणून लहान ट्रान्सफॉर्मरची टाकी सीलबंद हवी आणि मोठ्यांच्या कॉन्झर्व्हेटरमध्ये (वरच्या जादा तेलाच्या टाकीत) हवा तेलापासून वेगळी ठेवणारी रबरी पिशवी हवी.

जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल बदलण्याचा मोह सांभाळून. टाकी रिकामी केली तरी वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेटोळ्यांत), कागदात, तळाशी ५ ते १० टक्के खनिज तेल उरते आणि साधारण ७ टक्क्यांच्या पुढे गेले की फायर पॉइंट ३०० च्या खाली येऊ लागतो. म्हणजे पैसे आगीच्या सुरक्षेसाठी मोजायचे आणि नेमकी तीच गमवायची. टाकी नीट निथळू द्यावी, गरम एस्टरने धुऊन घ्यावी, गॅस्केट नवीन घालावेत आणि व्हॅक्यूमखाली तेल भरावे. हे तेल घट्ट असल्याने कागदात मुरायला वेळ घेते. भरल्या भरल्या लाइन चालू करू नये. एस्टर लागलेला कोअर (आतला लोखंडी गाभा) बाहेर काढून गरम हवेने सुकवणे तर साफ वर्ज्य, कारण त्यावरचा पातळ थरही तसाच चिकट होतो.

खरा घोळ प्रयोगशाळेत होतो. नव्या खनिज तेलाची आम्लता (मिग्रॅ केओएच प्रति ग्रॅम) ०.०१ पर्यंत चालते, नव्या एस्टरची ०.०६ पर्यंत. टॅन डेल्टाची (तेलात वाया जाणाऱ्या विजेच्या मापाची) मर्यादा ९० अंशांना अनुक्रमे ०.००५ आणि ०.०५. पाण्याचेही तसेच: एस्टरमध्ये २०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २०० भाग) चालते, कारण ते सामान्य तापमानाला हजारभर पीपीएम पाणी विरघळवून ठेवू शकते, खनिज तेल ५०-६० लाच संपृक्त होते. खनिज तेलाचा जुना तक्ता समोर ठेवून एस्टर तपासले तर उत्तम तेलही नापास होईल. बीडीव्हीसाठी (तेल किती व्होल्टेजला फुटते त्या चाचणीसाठी) नमुना ओतल्यावर निदान पंधरा मिनिटे स्थिर ठेवावा, नाहीतर घट्ट तेलात अडकलेले बुडबुडे आकडा खाली आणतात. वीज खात्याने एस्टरचा वेगळा तक्ता आणि टाकीची अट, दोन्ही पहिल्या निविदेतच घालावीत.

– एक निवृत्त विद्युत अभियंता, फोंडा