रिकाम्या गोण्या देणाऱ्यांचे आभार

आमच्या पेठ तालुक्यात पाऊस कमी पडतो असं नाही. पावसाळाभर नुसता कोसळतो, पण डोंगरउतारावरून पाणी दमणगंगेकडे धावतं आणि मार्चपासून पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन झिऱ्यावर रांगेत!

हे पाणी अडवायला बंधारा बांधू म्हणत नाशिकहून आलेल्या एका संस्थेच्या ताई-दादांनी आल्या आल्या भाषण ठोकलं नाही, याचे पहिले आभार. (आधीचे पाहुणे फोटो काढून गेले होते.) आधी सगळ्यांसोबत शिवारफेरी, मग अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा. बंधाऱ्याची जागा पुरुषमंडळी खाली दाखवत होती. आमच्या आत्याबाईंनी चिमूटभर रांगोळी उचलली आणि वरच्या वळणावर खूण केली, "हितं खाली खडक हाय, पाणी थांबंल." जन्मभर पाणी वाहिलेली बाई ती. बंधारा तिथंच झाला.

वनराई बंधारा म्हणजे काय, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती-वाळू, तोंडाला सुतळी. रचायच्या मात्र विटांसारख्या सांधा मोडून, नाहीतर पाणी फटीतून निसटतं. पंचवटीतल्या ज्या दुकानदारांनी गोण्या जपून ठेवल्या, ज्या कॉलेजच्या पोरांच्या तळहातांना फोड आले आणि तरी दुसऱ्या रविवारी आली, त्या सगळ्यांचे आभार. नावं विचारायची राहूनच गेली.

आणि डिझेलचे पैसे न घेणारे टेम्पोवाले भाऊ, तुमचा थर्मास आमच्याकडे राहिलाय. घ्यायला या, नागलीची भाकरी खाऊन जा.