पैसे परत पाठवलेत, रागावू नका

प्रिय आई, बाबा,

पैसे मी परत पाठवलेत. बाबा, मेसेज आला असेलच, तुमचा फोन यायच्या आत लिहून टाकतेय कारण फोनवर तुम्ही नुसते गप्प होता आणि मग मला काही सुधरत नाही. पैसे नकोत म्हणजे तुम्ही नकोत असं अजिबात नाही हं, पण खरंच गरज नाहीये. ह्याचा पगार कमी झालाय, मान्य, पण उपाशी कुणी नाही, पोरं तर निम्मा आठवडा चिकन खातायत आणि तेही एकाच कोंबडीतून. हसू नका.

आई, तुला वाटेल पाणी घालून वाढवते. तसं नाही गं. दीड किलोची कोंबडी अख्खी भाजते, पण अख्खी टेबलावर आणतच नाही, आणली की संपली. हाताला सोसेल एवढी कोमट असतानाच सगळं मांस सोडवून घेते, गार झाल्यावर ते हाडाला धरून बसतं. पाठीकडे, मांडीच्या सांध्याजवळ दोन गोल लुसलुशीत तुकडे असतात, लोक ते हाडांबरोबर टाकून देतात, मी ते उभ्या उभ्या खाते, कष्टाचे. तरी अर्धा किलोच्या वर नुसतं मांस निघतं. पहिल्या दिवशी तंगड्या-मांड्यांचं, भरपूर बटाटे घालून. सोडवूनच वाढल्यामुळे तंगडी कुणाला हा प्रश्नच येत नाही, नाहीतर आपल्या घरात तंगडीवरून काय काय झालंय ते दादाला विचारा.

छातीचं मांस दुसऱ्या दिवशी, पण ते परत शिजवलं की भुसा होतो, म्हणून भात, कांदा, मटार सगळं तयार झाल्यावर अगदी शेवटी घालायचं आणि वाफ येईपर्यंतच गरम करायचं. बारीकसारीक चुरा उरतो तो अंड्यात, नाहीतर ब्रेडमध्ये.

आणि खरी कमाई हाडांत आहे. हाडं, कातडी, कांद्याची टोकं, गाजर, वर येईल एवढं पाणी, आणि दोन-तीन तास मंद गॅसवर. गाळून फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी जेलीसारखं थरथरतं, पहिल्यांदा बघून ह्याला वाटलं बिघडलं! वर गोठलेली चरबी चमच्याने उचलायची, खालचं सूपला. त्यात डाळ, गाजर, बटाटा टाकला की चिकन मूठभर असलं तरी कुणाला कळत नाही, पोरांना तर नाहीच.

बाबा, तुम्ही माझ्यासाठी हाडावरचं सोडवून ताटाच्या कडेला ठेवायचात आणि स्वतः हाडं चोखत बसायचात, मला वाटायचं तुम्हाला हाडंच आवडतात. आता तुमच्या दातांना हे सूप बरं पडेल. म्हातारे झालात असं नाही म्हणत मी, दात म्हणतेय फक्त.

तर तुम्हीही करा, दोघांसाठी अर्धी कोंबडीसुद्धा पुरते. पण आई, नीट ऐक. शिजवलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे, रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायचं नाही, "काही होत नाही" म्हणायचं नाही, ह्या वयात पोट बिघडलं की अंगात काही राहत नाही. मोठं पातेलं तसंच आत सारू नकोस, उथळ डब्यांत भर म्हणजे लवकर गार होतं. फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस, बस. जास्तीचं पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये, आणि काढलं की फ्रीजमध्येच वितळू द्यायचं. लागेल तेवढंच गरम करायचं, पण कडकडीत, सूपला उकळी आलीच पाहिजे. सूप गाळूनच, बारीक हाड बाबांच्या घशात जायला नको. मीठ सूप झाल्यावर आणि बेतानं, बाबा वरून घेणार नाहीत.

डब्यांवर तारीख लिहून चिकटवा, आई तुझं "परवाच तर केलंय" चालणार नाही. आणि त्या पैशांतून आधी तुझ्या डोळ्यांचं करून घे, आणखी पुढे ढकलू नकोस, तारीख ठरली की मी येतेच, पोरांना हा बघेल. बाबा, रागावला असाल तर रागवा, पण फोन करा. पैसे परत पाठवू नका मात्र, मी पुन्हा तिकडेच पाठवीन.

तुमची,
छोटी